आतड्यांचा दाहक विकार : रोगप्रतिकारक पेशींची भूमिका आणि भारतापुढील क्षयरोगाचा पेच

नवी दिल्ली : वारंवार होणारे जुलाब, शौचातून पडणारे रक्त आणि आव, पोटातील कळा, उतरत जाणारे वजन व सततचा थकवा ही लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णाला आपल्याकडे अनेकदा प्रथम मूळव्याधीची किंवा अमिबाच्या आवेची औषधे दिली जातात. त्यांनी गुण येत नाही, महिने उलटतात आणि मग केव्हातरी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी होते. अशा रुग्णांपैकी काहींच्या अहवालावर ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’, म्हणजे आतड्यांचा दाहक विकार, असे निदान लिहिलेले असते. हा विकार कोणत्याही एका ठरावीक जंतूमुळे होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पेशी आतड्याच्या भिंतीत गोळा होतात, तेथे नेहमीच वास्तव्यास असलेल्या जीवाणूंविरुद्ध लढू लागतात आणि ही लढाई थांबवण्याची शरीराची यंत्रणा अपुरी पडते, असे या विकाराचे आजचे आकलन आहे. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या नामसाधर्म्य असलेल्या तक्रारीशी त्याची गल्लत होते. मात्र त्या तक्रारीत आतड्याला व्रण पडत नाहीत.

विकाराचे मुख्य प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असतो. तो बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर पसरतो आणि प्रामुख्याने आतील अस्तरालाच व्रण पाडतो. ‘क्रोन्स डिसीज’ तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मधले भाग सोडून सोडून होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी व्यापतो आणि त्यातून आतडे अरुंद होणे, भगंदर होणे असे उपद्रव उद्भवतात. पहिल्या प्रकाराचे वर्णन लंडनमधील डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले. दुसऱ्याला ज्यांचे नाव मिळाले त्या बरिल क्रोन यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर या सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १९१३ मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी अशाच रुग्णांची नोंद करताना गुरांना होणाऱ्या ‘जोन’ रोगाशी त्याचे साम्य दाखवले होते. हा गुरांचा रोग क्षयाच्या जंतूच्या कुळातील जीवाणूमुळे होतो. क्रोन आणि क्षय यांची ही जवळीक पुढे भारतात डॉक्टरांची आणि रुग्णांचीही मोठी अडचण ठरणार होती.

शांतता राखणाऱ्या पेशी

निरोगी आतड्यात रोगप्रतिकारक पेशींना जे साधावे लागते ते शरीरात अन्यत्र क्वचितच लागते. पेशींचा एकच पदर असलेले पातळ अस्तर, त्याच्या एका बाजूस अब्जावधी जीवाणू आणि रोजचे परके अन्न, तर दुसऱ्या बाजूस पहाऱ्यावरील पेशींची दाटी अशी तेथील रचना असते. त्वचेवर जखम झाली आणि जीवाणू आत शिरले, तर तो भाग लाल होऊन सुजतो. आतड्यात जीवाणूंशी असा संपर्क दररोज येतो आणि तरीही ते सुजत नाही. म्हणून सूज का येते यापेक्षा एरवी ती का येत नाही, हा प्रश्न संशोधकांना अधिक उद्बोधक ठरला.

त्याचे उत्तर अनेक पेशी मिळून देतात. अस्तराखालील मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी आत घुसलेले जीवाणू गिळतात, पण अन्य पेशींना धोक्याचे इशारे देत नाहीत. या पेशींपैकी बऱ्याच अल्पायुषी असतात. रक्तातील मोनोसाइट या पेशी आतड्यात येऊन त्यांची जागा सतत भरून काढतात आणि तेथील वातावरणात हा संयम अंगी बाणवतात. शाखायुक्त डेंड्रायटिक पेशी जीवाणू व अन्नघटकांचे नमुने घेऊन जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत जातात आणि तेथील टी पेशींना, हा घटक शत्रू मानायचा की नाही, याची ओळख करून देतात. ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणाऱ्या रेटिनॉइक आम्लाच्या साहाय्याने त्या टी पेशींवर जणू आतड्याचा पत्ताच लिहून देतात. प्लाझ्मा पेशी दररोज काही ग्रॅम ‘आयजीए’ प्रतिपिंड आतड्यात सोडतात आणि जीवाणूंना अस्तरापासून दूर ठेवतात. या सर्वांवर अंकुश असतो तो नियामक टी पेशींचा.

या अंकुशाचा पुरावा १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आला. स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना फिओना पॉवरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशींपैकी केवळ एक गट टोचला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्याला तीव्र दाह झाला. उरलेला गटही सोबत टोचला तेव्हा दाह झाला नाही. म्हणजे निरोगी प्राण्याच्या रक्तातही आतडे पोखरू शकणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना आवरणाऱ्या पेशीही त्याच रक्तात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या आवरणाऱ्या पेशींची ओळख निश्चित केली. त्यांच्यातील निर्णायक ‘फॉक्स-पी-३’ या जनुकाचा शोध अमेरिकेतील मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कार्यातून लागला. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे जनुक निकामी असलेल्या बालकांना जन्मानंतर थोड्याच काळात होणाऱ्या विकारांत आतड्याचा तीव्र दाह हा प्रमुख असतो.

१९९३ मध्येच जर्मन संशोधकांनी ‘इंटरल्यूकिन-१०’ हे शमन करणारे संदेशवाहक प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. या उंदरांनाही आतड्याचा दाह झाला. मात्र अशाच उंदरांना पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले असता तो होत नाही, असे पुढे दिसून आले. दाहासाठी जीवाणू आणि सुटलेला अंकुश हे दोन्ही लागतात, असा याचा अर्थ. मानवातही हे खरे असल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले. अगदी तान्ह्या वयात अत्यंत तीव्र दाह सुरू झालेल्या काही बालकांमध्ये इंटरल्यूकिन-१० चा संदेश ग्रहण करणाऱ्या जनुकात दोष आढळला आणि दात्याच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणानंतर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशीच बदलल्यानंतर, अशा बालकाचा आजार आटोक्यात आला. केवळ आतड्याचा भासणारा रोग रक्तपेशी बदलल्याने हटतो, याहून थेट पुरावा क्वचितच मिळतो.

दाह पेटतो तेव्हा

विकार सक्रिय असताना आतड्याच्या नमुन्यात सर्वप्रथम नजरेत भरतात त्या न्यूट्रोफिल पेशी. रक्तातून झपाट्याने येणाऱ्या या पेशी अस्तर भेदून आतड्याच्या सूक्ष्म ग्रंथींत साचतात, विघटक द्रव्ये ओततात आणि मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पुवाचे हे बारीक साठे सक्रिय दाहाची खूण मानले जातात. त्यांच्यातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ हे प्रथिन शौचातून बाहेर पडते. रुग्णाला वारंवार करावी लागणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी अप्रत्यक्षपणे आतड्यात उतरलेल्या न्यूट्रोफिलचीच मोजदाद करते. असे असले तरी या पेशींना खलनायक ठरवणे घाईचे होईल. न्यूट्रोफिलची जंतू मारण्याची क्षमता जन्मतःच नसलेल्या ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’च्या रुग्णांपैकी अनेकांना हुबेहूब क्रोनसारखा आतड्याचा दाह होतो.

न्यूट्रोफिलपाठोपाठ मोनोसाइट पेशी येतात. दाहाच्या वातावरणात त्यांना संयमी मॅक्रोफेज होता येत नाही. त्या अर्धवट अवस्थेतच राहून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-२३ ही दाह वाढवणारी प्रथिने सोडू लागतात. इंटरल्यूकिन-२३ मुळे ‘टीएच-१७’ या टी पेशी उत्तेजित होतात, त्या आणखी न्यूट्रोफिल बोलावतात, आणि चक्र सुरू राहते. एकदा आतड्यात आलेल्या काही टी पेशी स्मृती घेऊन तेथेच मुक्काम करतात. औषधाने बरे वाटल्यावर काही महिन्यांनी आजार बऱ्याचदा त्याच ठिकाणी का उलटतो, याचे एक स्पष्टीकरण या मुक्कामात शोधले जाते.

जनुकांच्या अभ्यासानेही बोट याच पेशींकडे दाखवले. क्रोनशी निगडित पहिले जनुक, ‘नॉड-२’, २००१ मध्ये सापडले. ते पेशींच्या आत जीवाणूंचे अंश ओळखण्याचे काम करते. त्यातील दोषामुळे जीवाणू ओळखण्याची क्षमता वाढत नाही, उलट घटते, हे तेव्हा अनेकांना चक्रावून टाकणारे होते. इंटरल्यूकिन-२३ चा संदेश ग्रहण करणाऱ्या जनुकाचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. आज या विकाराशी जोडलेल्या जनुकीय स्थानांची संख्या २०० हून अधिक आहे. त्यांपैकी एका ठिकाणी, एकविसाव्या गुणसूत्रावर, एकही जनुक दिसत नव्हते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की, तेथील डीएनएचा तुकडा दूरवरच्या ‘ईटीएस-२’ या जनुकाला चालना देतो आणि हे जनुक मॅक्रोफेजना दाहाच्या मार्गावर नेते.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. युरोपीय रुग्णांत आढळलेले नॉड-२ मधील प्रमुख दोष भारतीय रुग्णांत जवळजवळ आढळत नाहीत. उत्तर भारतातील अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांच्या जनुकसंचाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगप्रतिकारक ओळखीशी संबंधित ‘एचएलए’ हा पट्टा ठळकपणे पुढे आला. परदेशी रुग्णांवर बेतलेली जनुकीय चाचणी येथे जशीच्या तशी वापरून फारसे हाती लागणार नाही.

औषधांनी शिकवलेले धडे

कोणती पेशी नेमके काय करते, याचे सर्वांत खणखणीत पुरावे प्रयोगशाळेपेक्षा औषधांच्या यशापयशातून मिळाले. टीएनएफला अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा उपयोग प्रथम संधिवातात सिद्ध झाला. त्यामागे लंडनमधील मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांचे संशोधन होते. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी क्रोनने गंभीर आजारी असलेल्या एका मुलीला तेच प्रतिपिंड दिल्याचा वृत्तांत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९८ मध्ये ‘इन्फ्लिक्सिमॅब’ या नावाने ते क्रोनसाठी अमेरिकेत मान्य झाले. टीएनएफलाच अडवणारे ‘इटानरसेप्ट’ संधिवातात उत्तम चालते, क्रोनमध्ये मात्र ते निष्प्रभ ठरले. इन्फ्लिक्सिमॅब पेशींच्या पृष्ठभागावरील टीएनएफला घट्ट पकडून टी पेशींचा मृत्यू घडवून आणते आणि इटानरसेप्टला ते तितकेसे साधत नाही, असे याचे बहुतांशी मान्य झालेले स्पष्टीकरण आहे.

दुसरा धडा अधिक कडू होता. टीएच-१७ पेशी दाह वाढवतात, तर त्यांचे मुख्य प्रथिन इंटरल्यूकिन-१७ रोखावे, हा तर्क सरळ होता. सोरायसिसमध्ये गुणकारी ठरलेले ‘सेक्युकिनुमॅब’ त्यानुसार क्रोनच्या रुग्णांना देण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रुग्णांना लाभ झालाच नाही, उलट काहींचा आजार बळावला. इंटरल्यूकिन-१७ आतड्याच्या अस्तराची वीण घट्ट ठेवते आणि बुरशीला रोखते, हे त्यानंतर अधिक स्पष्ट झाले. याउलट त्याच साखळीत एक पायरी वर, इंटरल्यूकिन-२३ ला अडवणारी औषधे यशस्वी ठरली. ‘उस्टेकिनुमॅब’ला अमेरिकेत क्रोनसाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली; इंटरल्यूकिन-१२ आणि २३ मधील सामाईक घटकाला ते रोखते. त्यानंतर आलेले ‘रिसान्किझुमॅब’ केवळ २३ लाच रोखते.

तिसरा मार्ग पेशींची वाटच अडवण्याचा. ‘नॅटालिझुमॅब’ हे औषध पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडू देत नाही. पण ते आतड्याबरोबर मेंदूचीही वाट बंद करते. पहारा उठल्याने काही रुग्णांच्या मेंदूत सुप्त विषाणू उफाळला आणि २००५ मध्ये हे औषध काही काळ बाजारातून मागे घ्यावे लागले. पुढे आलेले ‘व्हेडोलिझुमॅब’ केवळ आतड्याच्या पत्त्यावर निघालेल्या पेशींवरील अल्फा-४ बीटा-७ या खुणेला चिकटते. ते २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो, पण उर्वरित शरीराची प्रतिकारक्षमता बहुतांशी अबाधित राहते.

या पार्श्वभूमीवर, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णे, काढे व गोळ्यांबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. या विकारात प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आतडे सुजलेले नसते. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करून अशा उपायांकडे वळणारा रुग्ण दाह पुन्हा भडकण्याचा धोका पत्करतो.

क्षयरोगाची गाठ

भारतात हा विकार दुर्मीळ आहे, असे बराच काळ मानले जात होते. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाखामागे ४४.३ इतके आढळले व हा समज मोडला. ब्रिटनमधील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतही हा आजार ठळकपणे दिसला होता. येथे मात्र प्रश्न केवळ संख्येचा नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि क्षयाचा जंतू ज्या पेशी रोखून धरतात, त्याच पेशींना आवरण्याचे काम ही औषधे करतात.

क्षयाचा जंतू शरीरात शिरला की मॅक्रोफेज त्याला गिळतात, टी पेशी त्यांच्याभोवती कडे करतात आणि ‘ग्रॅन्युलोमा’ ही सूक्ष्म गाठ तयार होते. जंतू मेला नाही तरी तो या गाठीत वर्षानुवर्षे कोंडलेला राहतो. ही गाठ टिकवून धरण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांमधील क्षयाच्या ७० घटना २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एकत्रितपणे मांडल्या. त्यांपैकी ४० रुग्णांना क्षय फुप्फुसाबाहेर झालेला होता. त्यामुळे आता टीएनएफरोधक औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे छायाचित्र, त्वचेवरील मॅन्टू चाचणी किंवा रक्ताची ‘इग्रा’ चाचणी केली जाते आणि सुप्त क्षय आढळल्यास आधी प्रतिबंधक औषधे दिली जातात. पण या दोन्ही चाचण्या टी पेशींच्या प्रतिसादावर उभ्या आहेत. आधीच स्टेरॉइड घेत असलेल्या रुग्णात तो प्रतिसाद दबलेला असतो आणि चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणूनच चाचण्या निर्दोष आल्या तरी उपचार सुरू असताना ताप, खोकला किंवा वजनातील घट दिसताच नव्याने तपासणी करावी लागते. व्हेडोलिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब यांच्या बाबतीत क्षयाचा धोका टीएनएफरोधक औषधांपेक्षा कमी आढळला आहे. केवळ इंटरल्यूकिन-२३ रोखणाऱ्या औषधांचेही येथे महत्त्व आहे, कारण क्षयाच्या कुळातील जंतूंविरुद्ध शरीराची भिस्त विशेषतः इंटरल्यूकिन-१२ वर असते. ते किंवा त्याचा संदेश जन्मतःच नसलेल्या बालकांना बीसीजी लशीतील दुबळ्या जंतूमुळेही आजार होऊ शकतो.

त्याआधीचा पेच निदानाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन हे दोन्ही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी होतात, दोहोंत व्रण पडतात, आतडे अरुंद होते आणि ग्रॅन्युलोमाही दिसतो. क्षयातील गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या व मध्यभागी कुजलेल्या असतात, तर क्रोनमधील लहान व सुट्या. पण तपासणीसाठी काढलेल्या कणभर तुकड्यात हा फरक मिळेलच असे नाही. जंतूची थेट चाचणीही आतड्याच्या क्षयात अनेकदा नकारात्मक येते. त्यामुळे संशयित रुग्णाला क्षयाची औषधे सुरू करून सुमारे दोन महिन्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहण्याची पद्धत भारतातील प्रमुख रुग्णालयांत रूढ आहे. बरे वाटणे हा येथे पुरेसा निकष नाही; क्रोनच्या काही रुग्णांनाही या औषधांनी काही काळ बरे वाटते. व्रण भरून आले तरच क्षयाचे निदान पक्के होते. ते भरले नाहीत आणि तरीही उपचार तसेच रेटले गेले, तर क्रोनचा दाह आतडे अरुंद करत राहतो आणि प्रसंगी शस्त्रक्रियेची वेळ येते. उलट क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिल्यास जंतू शरीरभर पसरू शकतो.

खर्चाचा विचारही निवडीला बांधलेला आहे. टीएनएफरोधक ‘ॲडॅलिमुमॅब’ची जगातील पहिली समरूप आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कंपनीने २०१४ मध्ये भारतात आणली, ‘टोफासिटिनिब’ या गोळ्याही देशी उत्पादकांकडून मिळतात. तरीही मोठ्या संख्येने रुग्णांची मदार आजही मेसालामाइन, स्टेरॉइड आणि ‘ॲझाथायोप्रिन’ यांवर आहे. टी पेशींना आवर घालणारे ॲझाथायोप्रिन स्वस्त असले तरी ‘नुडट-१५’ या जनुकातील बदल असलेल्या रुग्णांत ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवू शकते. हा बदल युरोपीयांपेक्षा भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळतो. जनुकीय चाचणी करता आली नाही, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तपेशींची वरचेवर गणना करणे टाळता येत नाही.

गर्भवती रुग्णांबाबत आणखी एक सूचना आहे. टीएनएफरोधक प्रतिपिंडे गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतात. गर्भारपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या मातेच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी टोचल्यानंतर त्या लशीतील जंतू शरीरभर पसरून त्याचा मृत्यू झाल्याची घटना ब्रिटनमधून २०१० मध्ये नोंदवली गेली. भारतात बीसीजी लस जन्मानंतर लगेच, बहुधा प्रसूतिगृहातच दिली जाते. त्यामुळे ही औषधे घेणाऱ्या मातेने प्रसूतीपूर्वीच बालरोगतज्ज्ञांना आणि प्रसूतिगृहाला त्याची लेखी कल्पना द्यावी आणि बाळाची बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकलण्याबाबत त्यांचा सल्ला घ्यावा, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांवरून दिसते. आजार नियंत्रणात असताना केवळ भीतीपोटी गर्भारपणात औषध बंद करण्याचा सल्ला मात्र दिला जात नाही. दाह उलटल्यास अकाली प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो.